चलच्चित्रांचे रूपांतर : ब्राउझरमधील नवी सोय

शाळेचे स्नेहसंमेलन पार पडले, मुलांनी बसविलेल्या नाटिकेचे सात मिनिटांचे चलच्चित्र एका शिक्षकाने आपल्या मोबाइलवर घेतले, आणि ते तालुक्याच्या शिक्षण कार्यालयाकडे पाठवावयाचे ठरले. येथपर्यंत सारे सुरळीत असते. अडचण पुढे येते. फाईल जवळजवळ ९०० मेगाबाइटांची भरते आणि ती कोणत्याच मार्गाने पुढे सरकत नाही. मग कोणीतरी सुचवितो की, फाईल लहान करून देणारी फुकट संकेतस्थळे पुष्कळ आहेत. शिक्षक त्यांपैकी पहिले दिसेल ते उघडतात, फाईल चढवितात, आणि तासाभराने लहान झालेली फाईल उतरवून घेतात. काम झालेले असते. परंतु या मधल्या तासात मुलांचे चेहरे, त्यांचे आवाज, पडद्यावरील शाळेचे नाव आणि अनेकदा मोबाइलने आपणहून नोंदलेले ठिकाण, हे सर्व कोठल्यातरी परक्या संगणकावर जाऊन पोहोचलेले असते. ते तेथून केव्हा पुसले जाते, किंबहुना पुसले जाते की नाही, हे समजण्याचा कोणताही मार्ग त्या शिक्षकांना उपलब्ध नसतो.

वैयक्तिक अंकीय माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ साली जो कायदा केला, त्यात १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीस बालक मानले असून तिची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती घ्यावी, असे तत्त्व घालून दिले आहे. अनोळखी संकेतस्थळावर फाईल चढविताना ही संमती कोणी घेतली आणि कोणाकडून घेतली, या प्रश्नाला उत्तर नसते. ग्रामसभेच्या चित्रणाची, आरोग्य शिबिराच्या चित्रणाची किंवा एखाद्या जागेच्या पाहणीसाठी घेतलेल्या चित्रणाचीही गोष्ट याहून फारशी वेगळी नाही.

हा धोका टाळण्याचा एक मार्ग गेल्या काही वर्षांत खुला झाला आहे. संकेतस्थळे पाहण्यासाठी जो ब्राउझर प्रत्येक संगणकावर असतो, त्याच्या आतच चलच्चित्राचे रूपांतर करणारी साधने आता मिळतात. त्यांत फाईल कोठेही जात नाही; रूपांतर करणारा कार्यक्रम मात्र संकेतस्थळावरून आपल्या संगणकात येतो आणि काम येथेच पुरे करतो. पूर्वी घरोघरी जाते असे. पुढे गिरण्या आल्या आणि दळण घराबाहेर जाऊ लागले. गिरणीत पीठ लवकर होते हे खरे, पण धान्य परक्याच्या हाती द्यावे लागते. ब्राउझरमधील रूपांतर हे जात्यावरच्या दळणासारखे आहे, आणि पुढे दिसून येईल त्याप्रमाणे जात्याचा संथपणाही त्यात आहे.

मुळात फाईल एवढी मोठी का होते

मोबाइलवर दिसणारे स्पष्ट चित्र आडवे १,९२० आणि उभे १,०८० अशा चित्रबिंदूंचे बनलेले असते. म्हणजे एका चित्रात २० लाखांहून अधिक बिंदू झाले. प्रत्येक बिंदूचा रंग नोंदविण्यास तीन बाइट लागतात असे धरले, तर एक चित्र सुमारे ६.२ मेगाबाइटांचे होते. डोळ्यांना हालचाल सलग वाटावी म्हणून सेकंदाला अशी २५ चित्रे दाखवावी लागतात. हा गुणाकार केला असता एका सेकंदाला सुमारे १५५ मेगाबाइट, आणि एका मिनिटाला ९ गिगाबाइटांहून अधिक, असा हिशेब येतो. सात मिनिटांची नाटिका जशीच्या तशी साठवावयाची म्हटली तर ६५ गिगाबाइट लागतील. बऱ्याच मोबाइलांत एवढी मोकळी जागाही नसते.

तेव्हा ९०० मेगाबाइटांची फाईल पाहून आपण थक्क होतो, ती प्रत्यक्षात आधीच सत्तर पटींनी आकसलेली असते. हे काम मोबाइल चित्रण करता करताच करतो. या आकसण्याच्या क्रियेला संकेतन म्हणतात, आणि ती ज्या पद्धतीने केली जाते तिला कोडेक असे नाव रूढ झाले आहे.

संकेतनाची मुख्य युक्ती समजण्यास दशावतारी नाटकाचे उदाहरण सोयीचे आहे. मागील पडदा तोच असतो, हार्मोनियम आणि मृदंग वाजविणारे आपल्या जागी बसलेले असतात; हलतात ते राजा आणि राक्षस. मग पंचविसांपैकी प्रत्येक चित्रात तो पडदा पुन्हा पुन्हा नोंदविण्याचे कारण काय? कोडेक एक चित्र संपूर्ण नोंदवितो आणि त्यापुढील चित्रांत फक्त काय बदलले तेवढेच लिहितो. चित्राचे लहान लहान चौकोन पाडून, हा चौकोन मागील चित्रात कोठे होता याचा तो शोध घेतो आणि 'इकडून तिकडे सरकला' अशी नोंद करतो. याच्या जोडीला मानवी दृष्टीच्या दोन मर्यादांचाही तो लाभ घेतो. उजेड आणि अंधार यांतील भेद डोळ्यांना जितका सूक्ष्मपणे कळतो तितका रंगांतील भेद कळत नाही, म्हणून रंगाची नोंद कमी बिंदूंवर केली तरी चालते. तसेच फार बारीक पोत थोडा पुसट झाला तरी तो पाहणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. शिगमोत्सवातील रोमटामेळाचे चित्रण, जेथे शंभर माणसे एकदम नाचतात, गुलाल उडतो आणि चित्रण करणाराही गर्दीत ढकलला जातो, ते लहान करणे नाटकाच्या चित्रणापेक्षा कितीतरी कठीण असते. कारण तेथे स्थिर असे काही उरतच नाही. हात स्थिर ठेवून किंवा मोबाइल तिपाईवर लावून घेतलेले चित्रण म्हणूनच अधिक चांगले आकसते. दुसरी गोष्ट अशी की, सारे श्रम शोध घेण्यात आहेत. नोंदी वाचून चित्र पुन्हा उभे करणे तुलनेने सोपे असते. स्वस्तातला मोबाइलही चित्र सहज दाखवितो. तेच चित्र नव्याने संकेतित करावयाचे म्हटले की संगणकाचा पंखा जोरात फिरू लागतो, तो यामुळे.

पोते आणि धान्य

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. फाईलच्या नावापुढे एमपी४, एमओव्ही, एमकेव्ही किंवा वेबएम असे जे लिहिलेले असते, ते केवळ पोत्याचे नाव होय. पोत्यात चित्राचा एक प्रवाह, आवाजाचा एक प्रवाह आणि थोड्या माहितीनोंदी भरलेल्या असतात. धान्य कोणते, हे कोडेकवर अवलंबून असते. एकाच प्रकारच्या एमपी४ पोत्यात २००३ साली प्रमाणित झालेला एच.२६४ हा कोडेक असू शकतो, तसाच त्यानंतरचा एचईव्हीसीही असू शकतो. पहिला जवळजवळ प्रत्येक संगणकावर चालतो; दुसरा जुन्या संगणकावर पुष्कळदा चालत नाही, आणि मग आवाज ऐकू येतो पण चित्र काळे राहते. नव्या मोबाइलांपैकी अनेक एचईव्हीसीमध्ये चित्रण करतात, म्हणून 'माझ्या मोबाइलवर दिसते, कार्यालयात दिसत नाही' ही तक्रार वारंवार ऐकू येते.

फाईलचे नाव बदलून एमओव्हीच्या जागी एमपी४ लिहिल्याने काहीही साधत नाही; पोत्यावरची चिठ्ठी बदलल्याने आतील नाचणीचा तांदूळ होत नाही. मात्र कधी कधी धान्य योग्य असते आणि केवळ पोतेच गैरसोयीचे असते. अशा वेळी नव्याने संकेतन न करता प्रवाह जसेच्या तसे दुसऱ्या पोत्यात भरता येतात. साधनांत या पर्यायाला बहुधा 'कॉपी' असे नाव असते. त्यास काही सेकंदच लागतात आणि चित्राचा दर्जा तिळभरही उतरत नाही. लांब चित्रणातील हवा तेवढा भाग कापून घ्यावयाचा असेल तरीही हाच पर्याय उपयोगी पडतो. अडचण एवढीच की, काप संपूर्ण नोंदविलेल्या चित्रापाशीच नीट बसतो, त्यामुळे सुरुवात एक-दोन सेकंद मागे-पुढे होऊ शकते.

जावास्क्रिप्टच्या अंगी हे बळ कोठून आले

ब्राउझरला समजणारी जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत सुमारे दहा दिवसांत तयार केली. अर्ज नीट भरला आहे की नाही ते तपासणे, कळ दाबली असता पानावर काही हालविणे, एवढ्याच किरकोळ कामांसाठी ती होती. चलच्चित्राचे संकेतन तिच्याकडून होईल असे त्या वेळी कोणाच्या मनातही आले नसेल.

दुसऱ्या बाजूला, फाब्रिस बेलार या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने २००० साली एफएफएमपेग नावाचा मुक्त कार्यक्रम सुरू केला. जगभरातील कार्यकर्त्यांनी त्यात भर घातली, आणि आज चलच्चित्राचे क्वचितच असे एखादे स्वरूप असेल जे त्याला वाचता येत नाही. परंतु तो सी भाषेत लिहिलेला आहे, आणि ब्राउझरला सी समजत नाही.

या दोहोंमध्ये पूल बांधण्याचे काम मोझिला संस्थेतील अलोन झकाई यांनी २०१० पासून केले. त्यांच्या एम्स्क्रिप्टेन या साधनाने सी भाषेतील कार्यक्रम आपोआप जावास्क्रिप्टमध्ये उतरविता येऊ लागले. २०१३ साली मोझिलाने जावास्क्रिप्टचा एक काटेकोर, लवकर चालणारा भाग वेगळा काढला आणि त्यास एएसएम.जेएस असे नाव दिले. पुढे प्रमुख ब्राउझर तयार करणाऱ्या संस्था, ज्यांचे एरवी एकमेकांशी फारसे पटत नाही, एकत्र आल्या आणि त्यांनी वेबअसेंब्ली हे समाईक स्वरूप ठरविले. २०१७ च्या अखेरीस चारही मोठ्या ब्राउझरांत ते आले आणि डिसेंबर २०१९ मध्ये त्यास जागतिक वेब संघाची अधिकृत मान्यता मिळाली. याच पायावर एफएफएमपेगची ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्ती उभी आहे. एफएफएमपेग.वाझम या नावाने ती ओळखली जाते, आणि 'फाईल तुमच्या संगणकाबाहेर जात नाही' असे सांगणाऱ्या अनेक संकेतस्थळांच्या पोटात तीच काम करीत असते. जावास्क्रिप्टकडे मुकादमाचे काम उरते: फाईल घेणे, ती वेबअसेंब्लीच्या स्वाधीन करणे, किती काम झाले ते दाखविणे आणि तयार माल परत देणे.

मध्यंतरी एक विघ्न आले. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरांच्या रचनेतील 'स्पेक्टर' नावाचा दोष उघडकीस आला. त्याचा गैरफायदा घेतला जाऊ नये म्हणून ब्राउझरांनी, एकाच स्मृतीवर अनेक धाग्यांनी मिळून काम करण्याची सोय तातडीने बंद केली. चलच्चित्राच्या संकेतनास नेमकी तीच सोय हवी असते. २०२० व २०२१ या वर्षांत ती परत मिळाली, पण जे संकेतस्थळ स्वतःला इतर स्थळांपासून काटेकोरपणे अलग ठेवते त्यालाच. एकच साधन एका संकेतस्थळावर चपळ आणि दुसऱ्यावर मंद का चालते, याचे एक कारण हे आहे.

फाईल बाहेर गेली नाही हे कसे ओळखावे

संकेतस्थळाच्या दाव्यावर विसंबून राहू नये. ब्राउझरमधील कोणत्याही पानाला संगणकावरील फाइली आपणहून वाचता येत नाहीत; जी फाईल आपण निवडून देतो तेवढीच त्याच्या हाती लागते. पण एकदा ती हाती लागली की तिचे रूपांतर येथेच करावयाचे की ती बाहेर पाठवावयाची, हे त्या पानातील जावास्क्रिप्ट ठरविते. बाहेरून दोन्ही प्रकारची संकेतस्थळे सारखीच दिसतात.

त्याची परीक्षा साधी आहे. प्रथम ज्यात कोणीही दिसत नाही असे काही सेकंदांचे चित्रण, अंगणातील झाडाचे म्हणा, त्या साधनात घालून पाहावे. यामुळे रूपांतर करणारा कार्यक्रम संगणकात उतरतो. तो २५ ते ३० मेगाबाइटांचा असू शकतो, म्हणून पहिल्या खेपेस थोडा वेळ लागतो. त्यानंतर इंटरनेटची जोडणी पूर्णपणे तोडावी आणि पान तसेच उघडे ठेवून खरी फाईल निवडावी. रूपांतर पुरे झाले आणि नवी फाईल मिळाली, तर काम येथेच झाले याविषयी शंका उरत नाही. काम अडून बसले, तर ते संकेतस्थळ फाईल बाहेर पाठविणारे आहे असे समजावे. परीक्षा उत्तीर्ण झालेल्या साधनाच्या बाबतीतही, नवी फाईल जतन करून ते पान बंद करावे आणि मगच जोडणी सुरू करावी, हे बरे. जोडणी येताच पान काय करील, हे कोणी पाहिले आहे?

मोबाइलने नोंदलेले ठिकाण रूपांतर केल्याने आपोआप नाहीसे होते असे मात्र नाही. माहितीनोंदी पुष्कळदा जुन्या पोत्यातून नव्या पोत्यात जशाच्या तशा जातात. साधनात त्या वगळण्याचा पर्याय असल्यास तो निवडावा. त्याहूनही चांगले म्हणजे चित्रण करण्यापूर्वीच कॅमेऱ्यातील ठिकाण नोंदविण्याची सोय बंद ठेवावी.

एखादे चित्रण खरोखरच गोपनीय असेल, चौकशीच्या कामातील असेल, तर ब्राउझरच्या वाटेसही जाऊ नये. हँडब्रेक किंवा व्हीएलसी यांसारखे मुक्त कार्यक्रम कार्यालयाच्या संगणकावर रीतसर बसवून घेणे हेच तेथे योग्य होय. ब्राउझरमधील साधनाचे खरे महत्त्व, जेथे काहीही बसविण्याचा अधिकार नसतो अशा संगणकावर आहे, आणि शाळा व पंचायतींतील पुष्कळ संगणक तशाच प्रकारचे असतात.

वेळ, आकार आणि दर्जा

जात्याचा संथपणा किती, हेही सांगितले पाहिजे. एफएफएमपेग.वाझमच्या कर्त्यांनी स्वतः प्रसिद्ध केलेल्या एका मापनात, संगणकावर बसविलेल्या मूळ कार्यक्रमाने जे काम सुमारे ५ सेकंदांत केले, त्यास ब्राउझरमधील एकधागी आवृत्तीला सुमारे १२९ सेकंद आणि अनेक धाग्यांच्या आवृत्तीला सुमारे ६० सेकंद लागले. सात मिनिटांच्या नाटिकेला जुन्या संगणकावर तासाहून अधिक वेळ लागला तर नवल मानू नये. वेबअसेंब्लीच्या मूळ रचनेत ४ गिगाबाइटांपेक्षा अधिक स्मृती वापरता येत नाही. ती मर्यादा आता वाढविण्यात आली असली तरी अनेक साधने जुन्याच चौकटीत आहेत. दोन गिगाबाइटांच्या पुढील फाईल घातली तर ती अर्ध्यावर कोसळण्याचा संभव असतो. मोबाइलवर तर हा प्रयत्न न केलेलाच बरा.

यावर उपाय म्हणून वेबकोडेक्स नावाची नवी सोय पुढे आली आहे. बहुतेक संगणकांत व मोबाइलांत संकेतनासाठी वेगळे यंत्रांग असतेच; वेबकोडेक्समुळे जावास्क्रिप्टला ते थेट वापरता येते. क्रोममध्ये ती २०२१ साली, सफारीत चित्रापुरती २०२३ साली आणि फायरफॉक्सच्या संगणकावरील आवृत्तीत २०२४ साली आली. तिच्या आधारे चालणारी साधने कितीतरी वेगवान असतात, मात्र प्रत्येक जुन्या स्वरूपाची फाईल त्यांना वाचता येईलच असे नाही.

आकाराचा अंदाज आधीच बांधता येतो. हव्या असलेल्या फाईलचे मेगाबाइट आठाने गुणावेत आणि चित्रणाच्या सेकंदांनी भागावे. जो आकडा येईल तेवढे मेगाबिट दर सेकंदाला उपलब्ध आहेत. सात मिनिटे म्हणजे ४२० सेकंद. फाईल ६० मेगाबाइटांत बसवावयाची असेल तर ६० गुणिले ८ म्हणजे ४८०, भागिले ४२०, म्हणजे १.१ च्या आसपास. यातील ०.१ आवाजास दिला तर चित्रास १ मेगाबिट उरतो. अनेक मोबाइल चित्रणाच्या वेळी सुमारे १७ मेगाबिट वापरतात, हे लक्षात घेता ही मोठीच काटकसर झाली. एवढ्यात १,०८० ओळींचे चित्र गढूळ दिसेल. ते ७२० ओळींवर आणावे. त्यामुळे बिंदूंची संख्या निम्म्याहून कमी होते आणि उपलब्ध मेगाबिट त्यांना पुरतात. रंगमंचावरील मुले त्यात व्यवस्थित ओळखू येतात. कोडेक एच.२६४ आणि पोते एमपी४ ठेवले म्हणजे समोरच्याला अडचण येत नाही.

प्रत्येक नव्या संकेतनात काहीतरी गळतेच, आणि गळलेले परत येत नाही. म्हणून रूपांतर नेहमी मूळ फाईलवरूनच करावे. लहान केलेली फाईल पुन्हा लहान करीत जाऊ नये.

लोककलांचे चित्रण जतन करताना

दशावतार, रणमाले किंवा धालो यांचे चित्रण कलावंतांच्या संमतीने सर्वांसाठी खुले करावे, अशी इच्छा असणारे शिक्षक अनेक आहेत. मराठी विकिपीडियावरील लेखांना जेथून चित्रे मिळतात त्या विकिमीडिया कॉमन्सवर ते ठेवता येते. तेथे मात्र एच.२६४ ची एमपी४ फाईल स्वीकारली जात नाही. त्या कोडेकवर एकस्व हक्कांचा भार राहिलेला असल्याने सदस्यांनी २०१४ साली चर्चेअंती तो नाकारला. गूगलने २०१० मध्ये खुले केलेले वेबएम हे स्वरूप तेथे चालते. त्यात व्हीपी९ हा कोडेक घालता येतो, किंवा २०१८ साली आलेला एव्ही१. हे दोन्ही कोडेक कमी जागेत चांगले चित्र देतात, पण शोध अधिक बारकाईने घेत असल्यामुळे ब्राउझरमध्ये ते एच.२६४ हूनही मंद चालतात. लांब चित्रणासाठी विकिमीडियाच्या सर्व्हरवर रूपांतर करून देणारे साधन वापरणे सोयीचे पडते. ते चित्रण अखेर सार्वजनिकच व्हावयाचे असल्याने फाईल बाहेर जाण्याचा प्रश्न तेथे उरत नाही.

ॲपलच्या आयफोनवर अशा मुक्त स्वरूपांतील चित्रे दीर्घकाळ दिसतच नसत. ती दिसावीत म्हणून विकिमीडियाच्या ब्रायन व्हिबर यांनी ओजीव्ही.जेएस हे साधन लिहिले. त्यात चित्र पुन्हा उभे करण्याचे सगळे काम जावास्क्रिप्टकडून, म्हणजे पाहणाऱ्याच्या हातातील यंत्राकडूनच, करून घेतले जाते.